शंभर गजांचा दोर

लोक म्हणतात, साळूबाईनं बद्रीनाथचा लॉऱ्यांचा अड्डा उठवला. त्यात निम्मंच खरं. अड्डा त्याच्याच दोरानं उठला, मी तर तोंड मिटून बसले होते. आता मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, तोंड मिटून बसायला मला काय यातना झाल्या असतील.

आमचं घर रंगाऱ्याचं. खाम नदीच्या काठाला, पडेगावकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमची आळी, आणि आळीतलं शेवटचं घर माझं. घरामागं मोकळं रान, ते आमचं वाळवण. ओली लुगडी तिथं अंथरायची, वरून पाणी शिंपडायचं, उन्हात रंग पिकवायचा. मी शिकले किती, तर गाठोड्यावर गिऱ्हाइकाच्या नावाचं पहिलं अक्षर काढण्यापुरतं. पुढं पोथी वाचून अक्षराला वळण आलं. तेवढ्याच भांडवलावर हे लिहितेय. चुकलं तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्यावं, मला सांगायला येऊ नये.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि विलायती रंगाच्या पुड्या बाजारातून गेल्या. रंगारी हातावर हात धरून बसले. आल नावाच्या झाडाच्या मुळीचा जुना लाल रंग कसा चढवायचा हे अख्ख्या शहरात एका म्हातारीला येत होतं, आणि ती म्हातारी मी. तेल, तुरटी, मग आलाची उकळी, मग नदीचं पाणी आणि ऊन, परत पाणी, परत ऊन. पंधरा दिवसांनी तो लाल असा बसतो की लुगडं फाटतं पण रंग सोडत नाही. गुलमंडीच्या दुकानात बाया विचारायच्या, "साळूबाईचा लाल आहे का?" हे कानावर पडावं म्हणून मी जवळचा रस्ता सोडून गुलमंडीवरून घरी यायची. खोटं कशाला सांगू.

आता बद्रीनाथ. चौदा वर्षं हा आमची बैलगाडी हाकत होता. आमच्याकडून गाठोडी गुलमंडीला न्यायची, तिथून कोरं कापड आणायचं. दुपारची भाकर माझ्या हातची खायचा. लढाईच्या आधी त्यानं एक जुनी लॉरी घेतली, गंगापूरहून कापसाचे गठ्ठे आणायला लागला. एकीच्या चार झाल्या, चाराच्या आठ. मग माझ्या वाळवणाला लागून असलेलं पड रान त्यानं पट्ट्यानं घेतलं, दगडाची भिंत घातली आणि आठही लॉऱ्या आत आणून उभ्या केल्या. मला वाटलं, असू दे. गाडीवान होता, मोठा झाला. आपल्या मिठाला जागेल.

पेट्रोल मिळायचं बंद झालं आणि लॉऱ्या कोळशावर चालायला लागल्या. लॉरीच्या मागं हे एवढं पत्र्याचं पिंप. सकाळी त्यात कोळसा पेटवायचा, पंख्याचं हँडल अर्धा तास फिरवायचं, तेव्हा कुठं इंजिनाला गॅस मिळणार. आठ पिंपं, आठ पंखे, आणि भिंतीपलीकडून उठणारा काळा लोट. नेमकी तीच वेळ आमची लुगडी ओली अंथरलेली असायची. वाळल्या कापडावरची काजळी झटकता येते. तुरटी प्यालेल्या ओल्या कापडात ती शिरली की संपलं.

गुलमंडीच्या पुंजाराम शेठनं लग्नसराईची बत्तीस लुगडी दिली होती. बत्तीसच्या बत्तीस डागाळली. तीनदा धुतली, परत उकळीत घातली, डाग आणखी पक्के झाले. शेठनं गाठोडं परत पाठवलं, तेही गाठ सोडून. आमच्या धंद्यात प्रत्येक घराची गाठ वेगळी. माझी गाठ तीन पेडी, आत एक उलटा फेर. माल परत करायचा तर दुकानदार तो गाठीसकट परत करतो, म्हणजे पुढचं काम चालू. गाठ सोडून पाठवलं की समजायचं, या घराशी संबंध तुटला. साठ वर्षांत आमची गाठ कुणी सोडून पाठवली नव्हती.

सोडलेलं गाठोडं तसंच डोक्यावर घेऊन मी बद्रीनाथच्या अड्ड्यात गेले. तो खाटेवर बसून चहा पीत होता, भोवती ड्रायव्हर आणि किन्नर, म्हणजे लॉरीवरची हाताखालची पोरं.

म्हटलं, "बद्री, हे बघ तुझ्या लॉऱ्यांनी काय केलं. पिंपं सकाळी रस्त्याच्या अंगाला नेऊन पेटव. माझं वाळवण सोड."

त्यानं लुगड्याचा पदर दोन बोटांनी उचलला. "साळूमाय, तुमच्याकडं काळा रंग नव्हता ना? घ्या, मी फुकट देतो."

सगळे हसले. एक किन्नर तर एवढा हसला की हातातलं पंख्याचं हँडल थांबलं.

"हस," मी म्हटलं. "दात मोजून ठेव, कामाला येतील."

घरी आले आणि ती बत्तीस लुगडी माळ्यावर टाकली. सुनेनं विचारलं, "गोधड्यांना घेऊ का?" म्हटलं, "हात लावशील तर बघ. त्या माझ्या पोथ्या आहेत. रोज बघणार." त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. माझ्या वाळवणावर स्वच्छ ऊन, आणि बद्रीनाथ तिथून आळीच्या डोळ्यांदेखत उठलेला. नुसतं ऊन मिळालं असतं तरी मी गप्प बसले नसते.

चार महिन्यांनी बलदियानं, म्हणजे शहराच्या कचेरीनं, दवंडी पिटली. लॉऱ्यांच्या अड्ड्यांना आता परवाना लागणार, आणि वस्तीजवळ अड्डा नको. कायदा उर्दूत छापून कचेरीच्या भिंतीला चिकटवला होता. माझा मुलगा फकिरा आनंदानं उडत आला. "माय, शंभर गज म्हणे. अड्डा वस्तीपासून शंभर गज पाहिजे."

मी शेजारच्या जमिलाला घेऊन कचेरीत गेले. जमिला हिमरूचं कापड विणणाऱ्या घरातली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, उर्दू पाण्यासारखं वाचणारी. भिंतीपुढं उभं राहून तिनं बुरख्याची जाळी वर केली आणि सगळी कलमं वाचून काढली.

"अगे साळू, पहिलं कलम असं. शेवटच्या चूल पेटत्या घराच्या भिंतीपासून अड्ड्याच्या भिंतीपर्यंत शंभर गज. बलदियाचा अमीन, म्हणजे मापणीचा अंमलदार, मापेल. कमी भरलं तर मालकानं भिंत तेवढी मागं घ्यावी."

"मागं घ्यावी? उठवायचा नाय?"

"नाय. सरकवायची."

"आणि वाळवणाचं काय लिहिलंय?"

"वाळवणाचं नाव नाय गे. लिहिणाऱ्याच्या घरी कपडे धोबी धुतो."

माझं तोंड कडू झालं. आमच्याकडं कापड मापायचा शिसवी गज आहे, सासऱ्याच्या वेळचा. घरी येऊन मी स्वतः मापलं. माझ्या घराच्या भिंतीपासून त्याच्या भिंतीपर्यंत पंचाण्णव गज. म्हणजे कायदा जिंकला तर भिंत पाच गज मागं जाणार. काजळीला पाच गज म्हणजे काय? माशीच्या पंखाएवढं. तशीच पुढं होऊन त्याच्या भिंतीची लांबीही मापली, माझ्या वाळवणाच्या बाजूनं. अठ्ठेचाळीस गज. का मापली, तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. हातात गज असला की मला काहीतरी मापल्याशिवाय राहवत नाही.

बद्रीनाथला ती पाच गजाची भिंतही सरकवायची नव्हती. आठ लॉऱ्या आत कशाबशा मावत होत्या, पाच गज गेले की दोन बाहेर.

मापणीची रीत अशी होती. परवाना मागणाऱ्या अर्जदारानं नवा अंबाडीचा दोर कचेरीत न्यायचा. तिथं लोखंडी गजावर तो मापून दर दहा गजांना गाठ आणि दोन्ही टोकांना लाखेची मोहोर. मग दोर अर्जदाराकडंच, मापणीच्या दिवसापर्यंत. मोहोर शाबूत म्हणजे दोर शाबूत. कापला तर कळणार, जोडला तर कळणार. कायदा करणारा हुशार होता, पण त्यानं आयुष्यात ओलं कापड पिळलं नव्हतं.

मापणीला तीन दिवस असताना मी वाळवणावर लुगडं उलटत होते. भिंतीवरून बघते तर बद्रीनाथच्या दोन लॉऱ्यांच्या टपांवरून एक दोर आडवातिडवा टाकलेला. टोकाला लाल लाख. खालून पाणी ठिबकतंय.

नवा दोर कोणी धुतं का?

मी तिथंच उकिडवी बसले आणि हसले. कोरा धागा पहिलं पाणी पितो तेव्हा आटतो. लुगडं असो, सुतळी असो, दोर असो. पीळ फुगतो आणि लांबी आत ओढली जाते. आमच्या घरात कोरं कापड आलं की आधी भिजवायचं, मग मापायचं. ही विद्या बद्रीनाथ माझ्याच ओसरीवर शिकला, माझीच भाकर खात. शंभराचा दोर आटून झाला असेल चौऱ्याण्णवाचा. मग पंचाण्णव गजांच्या जागेत पूर्ण शंभर बसणार आणि वर उरणार.

फकिराला सांगितलं तर तो तसाच निघाला. "आत्ता जातो कचेरीत. दगा आहे हा."

"बस खाली. जाऊन काय होईल? साहेब दुसरा दोर मागवतील. पंचाण्णव भरेल. भिंत पाच गज सरकेल. तो हसेल, आणि त्याची पिंपं तशीच पेटतील."

"मग काय, गप बसायचं?"

"व्हय."

"माय, तुला बरं नाय का?"

मी जमिलाकडं गेले आणि सगळी कलमं पुन्हा आठवायला लावली. सहाव्या कलमावर मी तिचा हात धरला.

"हे परत सांग."

"आवाराची लांबी-रुंदी अर्जदारानं स्वतः अर्जात लिहावी. कर त्यावर बसेल. लिहिल्यापेक्षा आवार एक गजाहून जास्त निघालं, तर जमीन लपवली असं धरून तीन वर्षं शहराच्या हद्दीत परवाना नाय."

"बद्रीनं किती लिहिलंय?"

अर्ज हरकतींसाठी कचेरीच्या फळ्यावर लागला होता. जमिला दुसऱ्या दिवशी बघून आली. लांबी अठ्ठेचाळीस गज. खरंच लिहिलं होतं बिचाऱ्यानं. त्या अर्जात तेवढंच खरं होतं.

जमिलानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्या लक्षात आलं. "साळू, तू मेल्यावर तुझी कबर लांब बांधायला पाहिजे. जवळ झोपायची भीती वाटेल मला."

"आमच्यात कबर नसते. सुखानं झोप."

मापणीच्या दिवशी सगळी आळी वाळवणावर जमली. अमीन गयास साहेब टांग्यातून आले. उंच, वाळके, काळी शेरवानी, बोलणं कमी. बलदियात सगळे सांगायचे, हा माणूस घरी भाजीसुद्धा नियम वाचून आणतो. बद्रीनाथनं पांढराशुभ्र फेटा बांधला होता. त्यानं दोर पुढं केला. साहेबांनी दोन्ही मोहोरा उजेडात धरून बघितल्या आणि मान हलवली.

मी पुढं झाले. "साहेब, दोराला हात लावू का? आम्ही धाग्याची माणसं."

"लावा बाई."

दोर ताठ, पीळ आवळलेला, गाठींना फुगवटा. पाणी पिऊन वाळलेला दोर आंधळ्यालाही कळतो. बद्रीनाथ माझ्या बोटांकडं बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला.

"दोर बरोबर आहे ना रे बद्री?" मी विचारलं.

"मोहोर शाबूत आहे साळूमाय."

"मोहोरेचं नाय विचारलं. दोर बरोबर आहे का? आळीसमोर सांग, म्हणजे मागून कुणाची कुरकुर नको."

"बरोबर आहे," तो म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी ते वहीत उतरवलं.

दोर माझ्या घराच्या भिंतीला लावला. दोन माणसं चालत गेली. दुसरं टोक जमिनीला लागलं आणि त्याच्या भिंतीपर्यंत वर एक गज उरला. एकशे एक. साहेबांनी लिहिलं, सही केली, बद्रीनाथनं सही केली. फकिरा माझ्याकडं असा बघत होता की मी त्याची आई नसते तर त्यानं मला नदीत ढकललं असतं.

बद्रीनाथचा घाम वाळला. तो हसला. "साळूमाय, कायद्यानं झालं बरं. आता तरी रागवू नका. उद्यापासून लाल-काळी नक्षी काढा, नवी फॅशन येईल."

कुणीतरी मागं खुसखुसलं. माझ्या जिभेवर सात शिव्या आल्या होत्या. सातही गिळल्या. अजून पोटात आहेत.

साहेब टांग्याकडं वळले. बाकीच्या अड्ड्यांवरही ते एवढंच करायचे, अंतर मापायचं आणि आवार अर्जावरून धरायचं, हे बद्रीनाथनं चौकशी करून ठेवलं होतं. त्याचा सगळा भरवसा त्यावरच होता.

"साहेब," मी म्हटलं, "सहावं कलम राहिलं."

साहेब थांबले. "तुम्हाला उर्दू वाचता येतं?"

"नाय. ऐकता येतं. आवाराची लांबी त्यानं लिहिली आहे, ती खरी का खोटी कुणी बघायची? हरकत घेते मी. याच दोरानं मापा."

"याच दोरानं," जमिला जाळीआडून म्हणाली. "साहब, मोहोर शाबूत आहे."

बद्रीनाथ म्हणाला, "त्याची काय गरज आहे साहेब? अठ्ठेचाळीस आहे, मी स्वतः मापलंय."

"मग भिता कशाला?" साहेब म्हणाले. नियमाचं नाव निघालं की त्या माणसाच्या डोळ्यांत दिवा लागायचा.

दोर भिंतीच्या एका कोपऱ्याला लावला. दहाची गाठ, विसाची, तिसाची. बद्रीनाथच्या ओठांवरचा रंग उतरत होता. माझ्या आयुष्यात एवढा सुंदर उतरता रंग मी बघितला नाही. चाळीस. पन्नासाची गाठ भिंतीच्या आत पडली आणि पुढं एक गज भिंत शिल्लक.

"एक्कावन्न," साहेब म्हणाले. "अर्जात अठ्ठेचाळीस."

"दोर..." बद्रीनाथ बोलला आणि थांबला.

साहेबांनी पेन उचललं. "दोराचं काय?"

मी मांडी घालून जमिनीवर बसले. मला ते बसूनच बघायचं होतं. दोर तोकडा आहे म्हणावं, तर कसा तोकडा झाला ते सांगावं लागणार, मघाचं एकशे एक खोटं ठरणार, आणि सरकारी मोहोरेच्या दोराशी दगा केल्याची कैद वेगळी. बरोबर आहे म्हणावं, तर तीन गज जमीन लपवली. तो तोंड उघडायचा, मिटायचा. नदीतून काढलेला मासा करतो तसं.

"सांग ना रे बद्री," मी म्हटलं. "चौदा वर्षं धाग्यात वावरलास. दोराला काय झालंय?"

"काही नाय," तो म्हणाला. आवाज असा की शेजारच्यालाच ऐकू यावा.

"मोठ्यानं बोला," साहेब म्हणाले. "लिहायचं आहे."

"दोर बरोबर आहे."

तीन वर्षं शहराच्या हद्दीत परवाना नाही. साहेबांनी तिथंच, टांग्याच्या पायरीवर कागद ठेवून लिहिलं. जाताना माझ्यापाशी क्षणभर थांबले. दोराकडं बघितलं, वाळवणावरच्या ओल्या लुगड्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना कळलं होतं का? मला वाटतं कळलं होतं. पण त्याचं कलम नव्हतं.

पंधरा दिवसांत अड्डा रिकामा झाला. दोन लॉऱ्या विकल्या, बाकीच्या गंगापूरला गेल्या. शेवटची लॉरी निघाली त्या दिवशी मी माळ्यावरची बत्तीस लुगडी काढली आणि त्याच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना काट्याकुट्यांवर पसरून ठेवली. म्हटलं, जाताना आपली नक्षी बघून जा.

लॉरी थांबली. बद्रीनाथ उतरला. फेटा नव्हता. हातात तो दोर.

"साळूमाय, तुम्हाला आधीच ठाऊक होतं."

"व्हय."

"मग मापणीच्या आधी का नाय सांगितलं? मी भिंत सरकवली असती. पाच गज."

"म्हणूनच नाय सांगितलं."

त्यानं काट्यांवरच्या लुगड्यांकडं बघितलं. "चौदा वर्षं तुमची भाकर खाल्ली मी."

"ते तुला आत्ता आठवलं. मला त्या सकाळी आठवलं होतं, तू लुगड्याचा पदर दोन बोटांनी उचललास तेव्हा."

त्यानं दोर माझ्या पायापाशी टाकला आणि लॉरीत चढला. सून मागून म्हणाली, "आत्याबाई, एवढं नको होतं. लेकराबाळांचा माणूस आहे." सून चांगली आहे माझी. पण तिची गाठ अजून कुणी सोडून पाठवलेली नाही.

पुंजाराम शेठ पुढच्या महिन्यात स्वतः आला, कोरं कापड घेऊन. त्याला मी ओसरीवर दोन तास बसवलं आणि पाणीसुद्धा तिसऱ्यांदा मागितल्यावर दिलं. मग काम घेतलं. गाठ मात्र त्याच्याच हातानं बांधून घेतली. त्याला उलटा फेर जमेना. चार वेळा सोडायला लावून पाचव्यांदा जमली.

तो दोर मी वाळवणावर दोन खांबांना बांधला आहे. नवा दोर ओल्या लुगड्यांच्या ओझ्यानं झोळ देतो, मधली लुगडी मातीला लागतात. हा देत नाही. आधीच आटलेला आहे, ओलं पडलं की आणखी ताठ होतो. एका टोकाला लाखेची मोहोर अजून शाबूत आहे. लाल लुगडी रोज त्यावर वाळतात, आणि मी रोज सकाळी पहिलं लुगडं स्वतः टाकते.